पंधरा पाऊण सव्वाअकरा : कळव्याच्या खाडीचा रिपोर्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागाच्या शेवटी मी म्हणालो होतो की पुढच्या वेळी मासेमारीवर बोलतो. त्यावर चार जणांचे मेसेज आले, आणि चौघांचा प्रश्न एकच होता: "कळव्यात? कुठे?" तर हो, कळव्यातच. मध्ये मध्ये लोकलचा आवाज येईल, त्याला इलाज नाही. आमची खिडकी रुळांच्या बाजूला आहे आणि मला रेकॉर्डिंगला वेळ रात्रीच मिळतो.

सुरुवात एका मामेभावापासून करतो. तो कॅनडात, व्हँकुव्हर बेटावर व्हिक्टोरिया नावाच्या शहरात असतो. तिकडे गेल्यावर त्याला माशांचं वेड लागलं. दर शुक्रवारी तो मला तिकडचा 'फिशिंग रिपोर्ट' पाठवायचा. मी ऐरोलीच्या ऑफिसात कँटीनमध्ये बसून वाचायचो. चिनूक सॅमन किती खोलीवर लागतोय, कोहो आला का, हॅलिबटसाठी नांगर टाकून बसायचं तर कुठल्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक कमी आहे. हे शेवटचं मला फार आवडलं. हॅलिबट तळाशी पडून असतो. वर बोट नांगरून खाली आमिष सोडायचं, त्याचा वास पाण्याबरोबर पसरतो आणि मासा वासाच्या मागे येतो. पाणी फार जोरात ओढत असेल तर ना नांगर टिकत, ना आमिष तळाला राहत. म्हणून तिथले लोक भांगाचे दिवस शोधतात. आपल्याकडे उधाण आणि भांग हे शब्द कोळीवाड्यातल्या लहान पोराला माहीत असतात. मला मात्र ते सत्ताविसाव्या वर्षी, कॅनडाच्या रिपोर्टवरून कळले. हसा.

मी मूळचा खाडीवाला नाही. वडील घाटावरचे, नोकरीसाठी कळव्यात आले. आमच्या घरात मासा म्हणजे रविवारी बाजारातून येणारा बांगडा. खाडी म्हणजे ठाणे स्टेशन सुटल्यावर कळवा येईपर्यंत नाकावर रुमाल धरायची जागा. २०२०च्या लॉकडाउनमध्ये घरात बसून डोकं फिरलं, थोडी मोकळीक मिळाल्यावर एका मित्राबरोबर विटाव्याच्या बाजूला गेलो. त्याच्याकडे एक स्वस्तातला रॉड होता. पहिल्या दिवशी एक शिंगाळा लागला, त्याचा काटा अंगठ्यात घुसला, दोन दिवस हात सुजला होता. आणि मी अडकलो. म्हणजे छंदात. चिखलात अडकलो ते नंतर, त्याच्याकडे येतोच.

आता रिपोर्ट वाचून माझ्या डोक्यात आलं की आपल्या खाडीचा असा रिपोर्ट का नाही? मुंबईच्या हॉटेलांत रावसाला मेनूकार्डवर 'इंडियन सॅमन' म्हणतात आणि भाकसाला 'इंडियन हॅलिबट'. नावं तर आहेत! गंमत अशी की रावसाचा आणि सॅमनचा काहीही संबंध नाही. रावसाच्या छातीच्या पराखाली चार लांब दोरे असतात, मिशांसारखे. गढूळ पाण्यात त्यांनी चाचपून तो कोलंबी आणि बारकी बोय शोधतो. म्हणजे दिसत नाही अशा पाण्यासाठीच बनलेला मासा. भाकस मात्र हॅलिबटचा लांबचा पाहुणा म्हणता येईल. तोही चपटा, एका कुशीवर पडून राहणारा, दोन्ही डोळे वरच्या बाजूला. पण हे दोघेही कळव्यापर्यंत येत नाहीत. भाकस खोल पाण्यातला, तो बोटवाल्यांच्या जाळ्यात मिळतो. रावसासाठी तुम्हाला वर्सोव्याला नाहीतर उरण-रेवसच्या तोंडाला जावं लागेल. आमच्याकडे चपट्यांमध्ये फार तर लेप. सॅमनच्या जागी आमच्याकडे आहे जिताडा.

जिताड्यावर थोडं थांबतो, कारण त्याच्यासाठीच हे सगळं चाललंय. ऑस्ट्रेलियात याच माशाला बारामुंडी म्हणतात आणि त्याच्यासाठी लोक विमानाने जातात. आपल्याकडे रायगडात पेण-अलिबागच्या खारजमिनीत घराजवळच्या तळ्यात जिताडे वाढवायची जुनी पद्धत आहे. साहेबाला खूश करायचं तर जिताडा पाठवावा, असा विनोदही तिकडे चालतो. सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत वर चढतो. जिताड्याचं बरोबर उलटं आहे. तो गोड्या आणि मचूळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाली खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या तोंडाशी जातो. म्हणजे नदी ते समुद्र हा रस्ता मोकळा असेल तरच जिताडा आहे. आणि आमचा रस्ता कसला आहे? वरून उल्हास नदी येते, तिच्यात कल्याण-डोंबिवली-उल्हासनगरकडचं सांडपाणी. खालच्या बाजूला ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या शेजारून खाडी जाते. जवळपास २६ किलोमीटरची ही खाडी, वर निमुळती, खाली रुंद. तिच्या वरच्या टोकाला कळव्याजवळ एका अरुंद फाट्याने ती उल्हासला जोडलेली आहे. त्यामुळे पाणी इथे दोन्हीकडून येतं आणि दोन्हीकडे जातं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मी रिपोर्ट सुरू केला. प्रोग्रामर माणूस, वहीत लिहून थांबणार नाही. आधी भरतीच्या वेळा. सर्व्हे ऑफ इंडिया दर वर्षी बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं छापतं, आपल्यासाठी त्यातलं अपोलो बंदर. तिथली भरती कळव्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. माझ्या नोंदींप्रमाणे अर्धा ते पाऊण तास. मग एक रिफ्रॅक्टोमीटर घेतला, खाऱ्या पाण्याचं अ‍ॅक्वेरियम ठेवणारे वापरतात तो. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं, खारेपणाचा आकडा दिसतो. समुद्राचा साधारण ३५. आमच्या इथे ऑगस्टमध्ये जवळजवळ शून्य, मे महिन्यात तीसच्या आसपास. हा एक आकडा कळला की कुठला मासा असेल याचा अर्धा अंदाज लागतो. पाणी गोडं असेल तर चिलापी आणि शिंगाळे, खारेपणा चढला की बोय, कोलंबी, आणि त्यांच्या मागे जिताडा, तांबोशी. तिसरी नोंद वासाची. चेष्टा नाही. मी रिपोर्टमध्ये 'वास' असा रकाना ठेवलाय, शून्य ते पाच. कॅनडावाल्या भावाला तो स्क्रीनशॉट पाठवला तर त्याला वाटलं टायपिंगची चूक आहे. पण कुजक्या अंड्यासारखा वास आला तर समजायचं की पाण्यात ऑक्सिजन संपत आलाय. मग भरती कितीही छान असो, घरी जा. भांगाच्या दिवसांत पाणी कमी हलतं, घाण बाहेर जात नाही, त्यात एप्रिल-मेचं ऊन. त्या दिवसांत मी चार-पाच दिलेले आहेत.

हा रिपोर्ट दर शुक्रवारी रात्री एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जायचा. आधी सहा जण होतो, वर्षभरात ४३ झालो. कळवा, खारेगाव, मुंब्रा, ठाण्यातले काही, दोन जण डोंबिवलीचे.

आता ती गोष्ट.

२९ मार्च २०२५, शनिवार. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. तोपर्यंत मी भरतीच्या वेळा कोष्टकात बघून हाताने भरायचो. कंटाळा येतो हो. म्हणून त्या आठवड्यात मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो वेळा वाचून, कळव्याचा फरक मिळवून, मेसेज तयार करायचा. शुक्रवारी रात्री अकराला चढवला. आमच्या धंद्यात शुक्रवारी संध्याकाळनंतर काहीही नवीन चढवू नये असा अलिखित नियम आहे. ऑफिसात मी तो इतरांना शिकवतो.

शनिवारी रिपोर्ट म्हणत होता: भरती पहाटे सव्वापाच, ओहोटी साडेअकरा. माझा बेत साधा. ओसरत्या पाण्याबरोबर चिखलावर पुढे जायचं. तिवरांतून खाडीत येणारा एक ओहळ आहे, ओहोटीला त्याच्यातली बारकी मासळी बाहेर वाहत येते आणि जिताडा तोंडाशी उभा असतो. तिथे जाऊन बसायचं, नऊ-दहापर्यंत परत.

पावणेसातला पोचलो तर पाणी पार खाली गेलेलं. आता तुम्ही विचार करा. भरती जर सव्वापाचला होती, तर दीड तासात पाणी एवढं खाली कसं जाईल? माझ्याही मनात आलं. एक सेकंदभर. आणि मी स्वतःला उत्तर दिलं की उद्या पाडवा, उधाणाचे दिवस, पाणी जोरात खेचलं गेलं असेल. पाण्यावरचा कचरा आत वाहताना दिसत होता, तेही मी असं खपवलं की इथे दोन्हीकडून पाणी येतं, दिशेवरून काही कळत नाही. डोळ्यांसमोर एक, स्क्रीनवर दुसरं, आणि मी स्क्रीनची बाजू घेऊन भांडत होतो. स्क्रीनवरचं मीच लिहिलेलं होतं ना!

साडेसातला डावा पाय गेला. ठाण्याच्या खाडीचा चिखल ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो, वरून तो जमिनीसारखा दिसतो, निवट्या त्याच्यावर उड्या मारत असतात. पाय टाकलात की गुडघ्यापर्यंत. डावा काढायला उजव्यावर जोर दिला तर उजवा मांडीपर्यंत. मी गमबूट घातले होते. गमबुटात चिखल भरला की ते बाटलीच्या बुचासारखे बसतात, वर ओढलं की खालून चिखल त्यांना धरून ठेवतो. पहिली दहा मिनिटं मी चिडलो होतो, रॉड वर धरून उभा, मशीन खराब होऊ नये म्हणून. मग मांडीला गार लागलं. बघितलं तर माझ्या मागून, ज्या बाजूने मी चालत आलो होतो त्या बाजूच्या खोलगट भागातून पाणी येत होतं. पाणी वर येत होतं.

भीती कशी वाटते ते सांगता येत नाही, पण माझ्या डोक्यात काय आलं ते आठवतं. साडेपाच. पाच तास तीस मिनिटं. कोष्टकातल्या वेळा आधीच भारतीय प्रमाणवेळेत होत्या. माझ्या प्रोग्रामने त्या लंडनच्या वेळा समजून त्यांच्यात परत साडेपाच तास मिळवले. आणि भरती ते ओहोटी हे अंतरच सव्वासहा तासांच्या आसपास असतं. म्हणजे मी जवळजवळ पूर्ण उलटा रिपोर्ट पाठवला होता. आणि पाठोपाठ दुसरी गोष्ट आठवली: तो ४२ लोकांकडे गेलाय. ग्रुपमधला एक जण रात्रीच म्हणाला होता की मुंब्र्याच्या रेतीबंदराच्या बाजूला जातोय, नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन.

फोन छातीच्या खिशात होता. हात चिखलाने माखलेले, स्क्रीन बोट घेत नव्हती. नाकाने अनलॉक करायचा प्रयत्न केला. आता हसू येतं.

तेवढ्यात एक होडी आली. एक वयस्क गृहस्थ, पाग टाकायला निघालेले. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. त्यांनी मला लांबून बघितलं होतं, पण कोणीतरी मुद्दाम उभा आहे असं त्यांना वाटलं. जवळ येऊन पहिलं वाक्य: "बूट सोर. आरवा पर." आमच्या इथल्या आगरी बोलीत ड चा र होतो. बूट सोड, आडवा पड. मी म्हणालो, काका, आडवा पडलो तर बुडेन. ते म्हणाले, "हुबा रायलास तं बुरशील." मग होडीतली फळी माझ्यापुढे टाकली. मी तिच्यावर पोट टेकून पडलो, वजन पसरलं, आणि एकेक पाय बुटातून हळूहळू सुटला. बूट अजून तिथेच असतील. होडीत ओढून घेतल्यावर मी पहिलं काम केलं, त्यांच्या गमछ्याला हात पुसले आणि फोन लावला.

मित्राने पहिल्या रिंगला उचलला. ते दोघे खडकावर बसले होते, पायाशी पाणी आलं तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, पाणी तर वर येतंय. त्याने ऐकलं आणि वर चढून बसले. नऊ वर्षांच्या पोराने डोळ्यांवर विश्वास ठेवला. तो मित्र अजून ग्रुपमध्ये आहे. त्या दिवशी मात्र तो फोनवर बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग फक्त "ठीक आहे" म्हणाला. ते "ठीक आहे" मला अजून ऐकू येतं.

काकांनी पाग टाकायचं सोडून मला किनाऱ्याला आणलं. वाटेत विचारलं, "आज तिथ कंची?" मला माहीत नव्हतं. म्हटलं, उद्या पाडवा. "मंग आज?" अमावस्या. मग त्यांनी बोटं न मोजता सांगितलं: "पंधरा पावून सव्वाअकरा. सव्वाअकराला पानी फुल. तू आठ वाजता चिखलान काय करतंस?"

हे मला त्यांनी नंतर नीट समजावलं, तुम्हालाही सांगतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता. अष्टमीला आठ पाऊण सहा, सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वाअकरा. सकाळी जी वेळ, साधारण तीच रात्रीची. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. आपल्या आजोबांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची, त्यातली ही पाऊणकी. आणि याच्यामागे शुद्ध गणित आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. थोडं चुकतं, पण तिथीसुद्धा चंद्रावरच चालते, त्यामुळे चूक साठत जात नाही, दर पंधरा दिवसांनी हिशेब पुन्हा जागेवर येतो. इकडे इंग्रजांनी १८७९मध्ये हिंदुस्थानच्या बंदरांच्या भरत्या काढायला लंडनमध्ये खास पितळी चाकांचं यंत्र बनवून घेतलं होतं. चंद्राची एक लाट, सूर्याची एक लाट, अशा अनेक लाटा एकेका चाकावर बसवून त्यांची बेरीज करणारं. आजचे प्रोग्राम त्याच पद्धतीने चालतात. ते यंत्र मिनिटापर्यंत बरोबर सांगणार. काकांचा नियम अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणार. पण काकांचा नियम कधी साडेपाच तासांनी चुकणार नाही.

म्हणून आता माझ्या प्रोग्राममध्ये एक तपासणी आहे. मेसेज जाण्याआधी तो पंचांगातली तिथी घेतो, पाऊणपट करतो, आणि काढलेली वेळ त्याच्यापेक्षा दीड तासाहून जास्त लांब असेल तर मेसेज अडवतो. त्या तपासणीचं नाव मी कोडमध्ये 'पंधरा पाऊण' ठेवलंय. ऑफिसातल्या एका कोड रिव्ह्यूमध्ये ही गोष्ट सांगितली, तेव्हापासून आमच्या टीममध्ये कुणी मोठं काही चढवलं की विचारतात, "तिथ कंची?"

रिपोर्ट मी दोन महिने बंद ठेवला होता. एप्रिल-मे. जून-जुलै तसाही बंदच असतो. राज्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी असते. गळाला ती लागू नाही, पण त्या दिवसांत जिताडा अंडी घालायला खाली उतरतो, तेव्हा आम्ही ग्रुपवाले गळ बाजूला ठेवतो. ऑगस्टमध्ये लोक विचारायला लागले. तेव्हा मी काकांकडे गेलो, विचारायला की परत सुरू करू का. त्यांना रिपोर्ट म्हणजे काय ते दाखवलं. त्यांनी सगळे रकाने बघितले, वासाचा रकाना त्यांना फार आवडला. म्हणाले, पूर्वी याची गरज नव्हती, पूर्वी खाडीला मिठाचा वास यायचा. मग ते 'जागा' या रकान्यावर थांबले. मी तिथे ओहळांची नावं लिहायचो. कुठे जिताडा लागला, किती वाजता. त्यांनी विचारलं, "ह्ये कोन कोन वाचतंय?" मी म्हटलं, ४३. "त्यातला कोन खातंय याच्यावर?" म्हणजे यांच्यातल्या कोणाचं पोट यावर आहे. कोणाचंच नव्हतं.

मी तो रकाना काढून टाकला. जिथे तुमचा जिताडा फोटोसाठी असतो तिथे त्यांचा घरखर्च असतो, एवढं मला तेव्हा कळलं. पण हेही सांगतो की आमचं सगळंच जमतं असं नाही. मी मोठा जिताडा सोडून देतो आणि त्यांना ते वेडेपणाचं वाटतं. कारण सांगितलं होतं. जिताडा जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे बारके सगळे बाप आणि मोठे बहुतेक सगळ्या आया. तीन फुटी जिताडा मारला तर लाखो अंडी देणारी मादी मारली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान पाण्यात परत आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही परत, असा कायदा आहे. आपल्या राज्याने २०२३मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, ती चांगलीच गोष्ट झाली, पण तो 'किमान' आहे, वरची मर्यादा त्यात नाही. हे सगळं मी काकांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तू सोरतंस, तो पुलाच्या पल्याडचा धरतंय. मंग सोरला कोनासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. सप्टेंबरात मी एक सोडला, हातभर लांब, त्यांच्या होडीतून, त्यांच्यासमोर. त्यांनी तोंड फिरवलं. दोन दिवसांच्या मजुरीएवढा मासा होता तो. परत येताना आम्ही दोघंही काही बोललो नाही. उतरताना मी डिझेलचे म्हणून पैसे पुढे केले, तर म्हणाले होडी वल्ह्याची हाय, डिझेल कसलं. पण घेतले.

खाण्याबद्दल बरेच जण विचारतात. मी कळव्याचा मासा खात नाही. वरून नदी आणि बाजूने कारखाने, तळातल्या चिखलात काय साठलंय याची मला भीती वाटते, आणि मोठा शिकारी मासा ते सगळं आपल्या अंगात जमा करतो. काकांच्या घरी खातात. त्यांच्याकडे जेवायला बसलो तेव्हा चिंबोरीचं कालवण होतं. मी खाल्लं. तत्त्वं बाजूला ठेवायची वेळ असते एकेक.

खाडीचं सगळंच वाईट आहे असंही नाही हं. खालच्या बाजूला, ऐरोलीच्या पुढे, २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तिवरं वाढली आहेत. तिवरांच्या मुळांत कोलंबी आणि बोयची पिल्लं वाढतात, म्हणजे जिताड्याचं ताट. पाण्याचा वास मात्र अभयारण्याची हद्द बघून थांबत नाही.

चला, या आठवड्याचा रिपोर्ट, आणि मग थांबतो. पुढच्या भागाचं एडिटिंग बाकी आहे.

सोमवारी, ६ ऑक्टोबरला कोजागिरी. उधाण. पंधरा पाऊण सव्वाअकरा, कळव्यापर्यंत यायला अर्धा-पाऊण तास, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास पाणी फुल आणि सकाळी सहाच्या सुमाराला पार खाली. मंगळवार-बुधवारी पाणी आणखी चढेल. या तीन दिवसांत चिखलावर कोणीही उतरायचं नाही. खडकावरून किंवा बंदराच्या पायऱ्यांवरून, आणि परतीची वाट कोरडी आहे ना ते दर अर्ध्या तासाने बघायचं. पाणी जोरात ओढेल, गढूळ राहील, वजन जास्त लागेल. पाऊस अजून पूर्ण गेलेला नाही. परवा खारेपणा ११ मिळाला, मागच्या आठवड्यात ७ होता, म्हणजे चढतोय. बोय दिसते आहे, कडेकडेने झुंडीने. जिताड्यासाठी माझ्या मते त्याच्या पुढचा आठवडा बरा, सप्तमी-अष्टमीला भांग येईल, पाणी थोडं निवळेल. आमिष म्हणून जिवंत कोलंबी. गळ बारीक लावू नका, गिलताना जिताडा तोंड झटकतो आणि कल्ल्याच्या कडेने दोरी कापतो, लीडर जाड ठेवा. लहान लागला तर हात ओला करून सोडा, कोरड्या हाताने त्याची चिकट त्वचा निघते. वास: दोन. ढगाळ असेल तर तीन.

आणि कोणी शनिवारी पहाटे जाणार असेल तर निघायच्या आधी ग्रुपवर लिहा, घरी पोचल्यावर परत लिहा. बाजूला काकांची होडी असेलच असं नाही, ते सध्या नातीच्या साखरपुड्याच्या गडबडीत आहेत.